पावती

एकेचाळीस सेकंद. आवाज नाही.
पूल, ओला रस्ता, इंग्रजांची जीप
आणि डावीकडून चौकटीत शिरणारा तो:
लांब कोट, टोपी, काळे हातमोजे.
खांद्यावरच्या पट्टीवर दोन तारे, म्हणजे कॅप्टन.
त्यातला एक तारा भिंगावरचा थेंब नसेल तर.

गेलं वर्षभर मी त्याचा कान बघते आहे.
माणूस जाडा होतो, दाढी ठेवतो, नाव बदलतो,
कान बदलत नाही, असं मला शिकवलं होतं.
लष्करी दप्तरातून सात फोटो मागवले.
सातही कान वेगळे.
संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं
तर सातही तेच.

आज आल्के ब्रोडर्सन आल्या. वय सत्त्याऐंशी.
मांडीवर पर्स, पर्समध्ये चष्म्याची दोन घरं.
मी त्याच्या चेहऱ्यावर फिल्म थांबवली.
त्या म्हणाल्या, पुढे.
अजून पुढे.
त्याच्यामागचा तो पोरगा, काठी धरलेला,
त्या काठीवरचं मोठं करता येतं का?

मोठं केलं. नुसते राखाडी दाणे झाले.
त्या दाण्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या,
"आमचा टेबलक्लॉथ आहे हा.
कड आईनं भरलेली. या कोपऱ्यात एक फूल कमी आहे.
ते भरायचं त्या दिवशी मी जन्मले."

मग दुसरं घर उघडलं. त्यात चष्मा नव्हता.
एक कागद होता, घडीवर फाटलेला:
टेबलक्लॉथ एक, तागाचा, पांढरा, मिळाला.
परत केला जाईल.
तारीख. शिक्का. सही,
जिचं पहिलं अक्षर आर असेल, के असेल,
किंवा नुसती घाई.

"आई म्हणाली, किती सभ्य माणूस.
उंबऱ्यावर बूट पुसून आत आला."

हीटरचा आवाज तेवढा येत राहिला.

"त्याच्या तीन दिवस आधी
ओटे क्लाउसन बेकरच्या माडीवरून
उशीचा एक अभ्रा बाहेर लोंबला होता.
पांढराच. थोडा लवकर.
लिंडनच्या झाडाखाली आम्हा पोरांना उभं केलं,
बघा म्हणून.
त्या दिवशी गावात पाव नव्हता.
मला क्लाउसनचाच राग आला. आठ वर्षांची होते."

तोच हा?
मी विचारलं, आणि विचारताना
माझ्या कानांच्या वर्षभराच्या फाइलवर हात ठेवला.

"माझे डोळे तेव्हा त्याच्या पट्ट्यापर्यंत पोचायचे.
चेहरा तुम्ही शोधा, बाई. मला हात ठाऊक आहे.
झाडाखाली दोर सरळ करणारा डावा हात,
अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं,
वाटाण्याच्या शेंगेसारखं.
तोच हात आमच्या टेबलावर
या कागदाचा कोपरा दाबून होता.
आईला सांगितलं नाही मी. अजून नाही."

आम्ही शेवटचे सहा सेकंद लावले.
पस्तिसाव्याला तो उजवा हातमोजा काढतो.
पिस्तूल देतो, मूठ पुढे करून, रीतीप्रमाणे.
मग डावा: करंगळी सोडवतो,
तिच्याशेजारचं बोट, मधलं,
आणि रीळ संपतं.
पुन्हा लावलं. पुन्हा करंगळी, पुन्हा मधलं बोट.
अकरा वेळा.
कॅमेरावाला तेव्हा नवं रीळ शोधत असेल,
खिशात, जीपमध्ये, पावसाला शिव्या देत.

नोंदीत लिहिलं:
अधिकारी, अनोळखी.
निशाण, ब्रोडर्सन कुटुंबाचं. परत मिळालेलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, कागद ठेवून घ्या,
पण मला त्याची पावती द्या.

मी लिहून दिली:
कागद एक, घडीवर फाटलेला, मिळाला.
परत केला जाईल.
सही करताना डाव्या हातानं कोपरा दाबून धरला.
त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या.